नव्या कातडीची वाट पाहत बसू नका

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं देते. दोन वर्षांपूर्वी कानबाईच्या रोटांच्या वेळी खापरावर मांडे करताना त्यांच्या मुलीची नायलॉनची ओढणी चुलीवर पेटली. पोरीने जळती ओढणी मुठीत धरून ओढून काढली. गळा, छातीचा वरचा भाग आणि उजवा तळहात भाजला. तीन महिने ड्रेसिंग चाललं, जखमा भरल्या, जीव वाचला. पण आता हनुवटी छातीकडे ओढली गेली आहे, मान वर होत नाही, खालचा ओठ खाली खेचला जातो आणि उजव्या हाताची करंगळी व अनामिका तळव्यात वाकून बसली आहेत. मुलगी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.

एका सर्जनने ऑपरेशन सांगितलं आहे. मुलीच्या भावाने मात्र मोबाईलवर व्हिडिओ दाखवले: कुठे कातडी फवारतात, कुठे छापतात, कुठे डागच राहत नाही. त्यावरून घरात ठरत आलंय की चार-पाच वर्षं थांबावं, नवीन काहीतरी येईल. त्यातच एका शहरातल्या क्लिनिकने सांगितलं की ऑपरेशन नको, स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशींच्या, इंजेक्शनांनी कातडी सैल करून देतो, खर्च पावणेदोन लाख. ताई विचारतात: थांबू का, इंजेक्शनं घेऊ का, आणि लग्नाचं कसं करू?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग सांगते. थांबू नका. इंजेक्शनांना पैसे देऊ नका. ऑपरेशन करून घ्या. लग्नाचा विषय मुलगी स्वतः काढेपर्यंत बंद ठेवा.

माझी नोकरी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात गेली. मी सिस्टर, सर्जन नाही. कोणत्या जागी कोणतं ऑपरेशन, हे मुलीला समोर बसवून, तपासून सर्जनच ठरवतील. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर घरात काय काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि या दुखण्यात ऑपरेशनाइतकंच महत्त्व त्या नंतरच्या दिवसांना असतं.

मुलीचं असं का झालं ते समजून घ्या, कारण पत्रात तुम्ही स्वतःला बोल लावला आहे. खोल भाजलेली जखम आपोआप भरायला तीन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागला, की शरीर ती कडांकडून ओढून ओढून मिटवतं. जखम बंद होते, पण कातडी अपुरी पडते. गळ्यासारख्या वाकणाऱ्या जागी ही ओढ फार लवकर दिसते, कारण भाजलेलं माणूस दुखतं म्हणून मान खाली घालून, उशी घेऊन झोपतं आणि जखम त्याच अवस्थेत भरते. वॉर्डात याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. जळलेला थर पहिल्या काही दिवसांतच काढून लगेच कातडी लावायची, ही पद्धत स्लोव्हेनियाच्या सर्जन झोरा यान्झेकोविच यांनी 1970 साली जगापुढे मांडली आणि मोठ्या बर्न सेंटरमध्ये ती रुळली. लहान गावांपर्यंत ती अजून पोचलेली नाही. यात तुमच्या मायेत कमी पडलं असं काही नाही.

आता थांबण्याबद्दल. दोन वर्षांचा व्रण पिकलेला असतो. तो तेलाने, मलमाने किंवा काळाने सुटत नाही. वाकलेल्या बोटांचं तर उलटंच होतं. आज फक्त कातडी आखूड आहे. उद्या सांध्याचं आवरण आखडतं, बोटाची रक्तवाहिनी आणि नसही त्या आखूड लांबीला सरावते. मग सर्जनने कातडी सोडवली तरी बोट एका दमात सरळ करता येत नाही, कारण ताणलं की बोटाचा रक्तपुरवठा अडतो. म्हणजे चार वर्षं थांबून जो शोध येईल, तो तुमच्या मुलीला आजच्यापेक्षा बिघडलेल्या हातावर वापरावा लागेल.

भावाने दाखवलेले व्हिडिओ खोटे नाहीत, हेही सांगते. त्या पोराने बहिणीसाठी शोधाशोध केली, त्याला रागावू नका. फक्त कोणता शोध कोणत्या वेळेचा, हे व्हिडिओत सांगत नाहीत.

कातडी फवारणं खरं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या सर्जन फियोना वूड यांनी ते पुढे आणलं. रुग्णाच्या अंगावरचा टपाल तिकिटाएवढा कातडीचा तुकडा घ्यायचा, एन्झाइमने त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि त्या जखमेवर फवारायच्या. घेतलेल्या तुकड्याच्या ऐंशीपट जागा त्यात झाकता येते. अमेरिकेने 2018 साली त्याला मंजुरी दिली. अंगभर भाजलेल्या माणसाकडे लावायला स्वतःची चांगली कातडीच उरलेली नसते, त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण हा ताज्या जखमेचा उपाय आहे. आखडलेली मान फवाऱ्याने सुटत नाही. अननसातल्या एन्झाइमने जळलेला थर विरघळवणारं औषधही असंच. युरोपात 2012 पासून आणि अमेरिकेत 2022 च्या डिसेंबरपासून त्याला परवानगी आहे, आणि तेही भाजल्यानंतरच्या पहिल्या दिवसांसाठीच.

प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी तर मला आजही थक्क करते. सात वर्षांच्या एका सीरियन मुलाला जन्मजात आजार होता. हात लागला तरी कातडी सोलून यायची. जर्मनीत त्याच्यावर उपचार झाले, इटलीतल्या प्रयोगशाळेने त्याच्याच पेशींमध्ये सदोष जीनची चांगली प्रत घालून त्यांची कातडी वाढवली, आणि अंगाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग त्या नव्या कातडीने झाकला. 2017 साली हे प्रसिद्ध झालं. तो मुलगा शाळेत जाऊ लागला. असं वाचलं की वाटतं, आपल्या पोरीची एवढीशी मान काय मोठी गोष्ट! पण त्या मुलाला लागला होता तो कातडीचा वरचा पातळ थर. मानेला हवी खालच्या थराची जाडी, कारण पातळ कातडी पुन्हा आखडते.

डाग न राहण्याचा व्हिडिओ बहुधा स्टॅनफर्डच्या संशोधनाचा असावा. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवलं की जखमेतल्या ठरावीक पेशींना मिळणारा ताणाचा इशारा औषधाने रोखला, तर उंदराची जखम व्रणाऐवजी केसांसकट साधी कातडी होऊन भरते. औषध होतं व्हर्टेपॉर्फिन, जे डोळ्यांच्या एका विकारासाठी आधीपासून वापरात आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं या क्षेत्रातलं सगळ्यात आशेचं काम हेच. पण तेही नव्या जखमेवरचं, आणि प्रयोग उंदरांवरचा. दोन वर्षांचा पिकलेला व्रण त्याने मागे फिरत नाही. कातडी छापण्याचं यंत्रही अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे.

तुमच्या मुलीच्या कामाचे दोन-तीन शोध मात्र खरोखर आहेत, आणि व्हिडिओत नेमके तेच नाहीत.

पहिला, कृत्रिम अंतःत्वचा, म्हणजे कातडीचा खालचा थर. अमेरिकेत सर्जन जॉन बर्क आणि शास्त्रज्ञ इओआनिस यानास यांनी 1981 साली तिचे पहिले निकाल मांडले. ही कोलॅजनची जाळीदार चादर असते, वर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. मान सोडवली की उघड्या जागेवर ती बसवतात. काकडीच्या वेलाला मांडव घालतो तशी ती जाळी असते. मुलीच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिच्यात चढत जातात आणि साधारण तीन आठवड्यांत तिथे नवा खालचा थर तयार होतो. मग पापुद्रा काढून त्यावर अगदी पातळ कातडी लावतात. मान जास्त मऊ राहते. पण ऑपरेशनं दोन होतात, जंतुसंसर्ग झाला तर चादर वाया जाते, आणि ती महाग आहे. तिच्यातलं कोलॅजन बऱ्याचदा गोवंशाच्या ऊतींपासून केलेलं असतं, काहींमध्ये शार्कच्या कूर्चेतला घटकही असतो. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे काही घरांना हे आधी कळायला हवं असतं आणि कोणी सांगत नाही. सर्जनला विचारा, तिची गरज आहे का. "गरज नाही, जाड ग्राफ्टने भागेल" म्हणाले, तर वाईट वाटून घेऊ नका. ग्राफ्ट म्हणजे अंगावरच्या दुसऱ्या जागेवरून काढून लावलेली कातडी.

दुसरा, फ्रॅक्शनल लेझर. व्रणात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पाडली जातात आणि त्यांच्याभोवतीची कातडी नव्याने बांधली जाते. व्रण मऊ होतो, खाज कमी होते, चकाकी उतरते. याची बैठक पुन्हा पुन्हा घ्यावी लागते आणि व्रणाची दोरीसारखी घट्ट ओढ त्याने सुटत नाही, म्हणून तो ऑपरेशननंतरचा टप्पा. पोटाची चरबी काढून व्रणाखाली भरण्याचंही तसंच. काहींना छान गुण येतो, सगळ्यांना सारखा येतो असं नाही. दोन्ही पुढच्या वर्षाचे विषय.

तिसरा भूल देण्यातला, आणि मला विचाराल तर तुम्ही सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. हनुवटी छातीला लागलेली असली की घशात श्वासाची नळी घालणं अवघड असतं. पूर्वी याच भीतीने ऑपरेशनं टळायची. आता बारीक दुर्बीण घशात घालून, पेशंट जागा असतानाही नळी बसवता येते. काही सर्जन गळ्याच्या व्रणात पातळ केलेलं बधिर करायचं औषध भरपूर टोचून आधी मान मोकळी करतात आणि नंतर पूर्ण भूल देतात. भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "अशा मानेची भूल तुमच्याकडे कशी देतात?" उत्तर नीट मिळालं नाही, तर तिथे ऑपरेशन करू नका.

त्या इंजेक्शनवाल्या क्लिनिकबद्दल. भारतात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं अस्थिमज्जेच्या पेशींचं प्रत्यारोपण, एवढाच स्टेम सेलचा वापर त्यांत मान्य उपचार म्हणून आहे. बाकी सगळं फक्त नोंदणी केलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, करायचं असतं, आणि अशा ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे जो माणूस आखडलेली मान सैल करायला पावणेदोन लाख मागतो, त्याने उपचार सिद्धही केलेला नाही आणि नियमही पाळलेला नाही. मला याची चीड येते. केळीच्या एका हंगामाचा पैसा असाच जातो, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे मुलीची दोन वर्षं जातात.

जुनं ऑपरेशन म्हणजे मागासलेलं, हेही मनातून काढून टाका. 1794 साली लंडनच्या एका मासिकात बातमी छापून आली होती की टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका जाणकाराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं. कपाळाच्या कातडीचं नाक आजही करतात. स्वतःची कातडी स्वतःच्याच अंगावर हलवायची, हा पाया अजून बदललेला नाही.

ऑपरेशन कसं होतं तेही सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी घाबरणार नाही. सर्जन गळ्यावरचा व्रण कानाच्या खालच्या बाजूपासून दुसऱ्या कानाखालपर्यंत आडवा छेदतात. छेदता छेदता हनुवटी वर सुटते, आणि मध्ये जी उघडी जागा होते ती पाहून घरच्यांच्या छातीत धस्स होतं. त्यांना वाटलेलं असतं बोटभर कातडी लागेल, आणि निघते तळहाताहून मोठी जागा. एवढी कातडी कमी पडली होती, म्हणून तर मान खाली होती. मांडीवरून कातडीचा थर काढून तिथे टाके घालून बसवतात. बोटांसाठी जांघेतली किंवा दंडाच्या आतली पूर्ण जाडीची कातडी घेतात, कारण ती कमी आखडते, आणि बोटं सरळ राहावीत म्हणून काही आठवडे आतून बारीक तार घालून ठेवतात. बहुतेक पोरी मानेपेक्षा मांडीच्या दुखण्याने रडतात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरते, तोवर तिथलं ड्रेसिंग ओढून काढायचं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं की ग्राफ्ट गुलाबी दिसतो, घरचे पेढे आणतात. आणि इथेच खरं काम सुरू होतं. लावलेली कातडी पुढचे सहा महिने ते वर्षभर आखडायचा प्रयत्न करत राहते. तिला अडवायला गळ्याला कडक कॉलर लागते, रात्रंदिवस, फक्त जेवताना, अंघोळीला आणि व्यायामाला काढायची. झोपताना उशी डोक्याखाली नाही, खांद्यांखाली. हाताला रात्री स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ धरून ठेवणारी पट्टी. दिवसातून चार-पाच वेळा मान वर करून आढ्याकडे पाहायचं आणि कातडी पांढरी पडेपर्यंत ताणून धरायची. "आता काय, सुटली ना मान" म्हणून ज्यांनी कॉलर खुंटीला टांगली, ते पेशंट परत येतात, आणि त्यांची मान पहिल्यासारखीच झालेली असते.

याच कारणाने ऑपरेशन दिवाळीनंतर लगेच करा. आपल्या जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात कॉलर आणि प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा तंग कपडा, घालून कोण बसेल? पहिले चार-पाच महिने थंडीत निघाले, तर अंगवळणी पडतं. उन्हाळा तरी यायचाच. तेव्हा गारमेंटचे दोन जोड शिवून घ्या, एक अंगावर, एक धुवायला. सौम्य साबणाने हातानेच धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, कारण उन्हाने त्याचं लवचीकपण जातं. कॉलरच्या आत जुन्या सुती धोतराची मऊ घडी ठेवा आणि घामाने भिजली की बदला. ग्राफ्टला तेलाच्या ग्रंथी नसतात, तो कोरडा पडून भेगाळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ खोबरेल किंवा व्हॅसलीन. उन्हात तो काळा पडतो, आणि काळेपण सहज जात नाही. स्कूटीवर आपल्या पोरी स्कार्फ बांधतातच, तो सुती असू द्या.

पैशाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही येतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं ते बदलत असतं, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी चौकशी करा, प्लास्टिक सर्जन कोणत्या वारी बसतात. तिथे भूलतज्ज्ञ म्हणाले की मुंबईला न्या, तर कुरकुर न करता न्या. भुसावळहून गाड्यांना तोटा नाही, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी भाजलेल्यांचं मोठं काम चालतं. तिथे 2000 सालापासून त्वचापेढीही आहे. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत त्याची कातडी दान करता येते, पाठीची आणि पायांची, तीही अगदी पातळ थरात. वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, घरात हे बोलून ठेवा. कोणाची तरी भाजलेली पोर पहिल्या आठवड्यात त्या कातडीखाली तग धरते.

आणि चुलीपाशी, गॅसपाशी कोणी भाजलं, तर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको, बर्फही नको.

आता लग्न. ताई, तुम्ही लिहिलंय की "एकदा मान सरळ झाली की स्थळं बघायला मोकळ्या." मला हे वाचून वाईट वाटलं, तुमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही. ऑपरेशन स्थळासाठी होणार असेल, तर तिला पहिल्याच दिवशी आरशात फक्त डाग दिसतील, कारण डाग राहणारच आहेत. लावलेली कातडी रंगाने वेगळी दिसते, कडेची रेघ दिसते. ऑपरेशन कशासाठी, तर तिला वर बघून जिना चढता यावा, पाणी न सांडता पिता यावं, उजव्या हाताने पेन धरता यावं. एवढं हाती आलं, की पुढचं ती ठरवेल. वीस वर्षांची आहे. संमतीच्या कागदावर सहीही तिचीच लागेल, तुमची नाही.

परीक्षेसाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका. हात चालत नाही याचा वैद्यकीय दाखला घेऊन लेखनिक आणि जादा वेळेसाठी कॉलेजमार्फत बहिणाबाई चौधरी विद्यापीठाकडे अर्ज करता येतो. तो परीक्षेच्या बराच आधी करायचा असतो, म्हणून याच महिन्यात प्राचार्यांना भेटा.

पोरी, तू हे वाचत असशील, तर ओपीडीत तू स्वतः बोल. आई सांगेल मानेचं, कारण ते सगळ्यांना दिसतं. बोटांमुळे काय काय अडतं, वेणी घालता येते का, बटण लागतं का, रात्री तळव्यात नखं रुततात का, ते तुलाच माहीत. मान आधी की हात आधी, हे त्यावरून ठरेल. सहसा मान आधी करतात, म्हणजे पुढच्या वेळी भूल सोपी जाते. पण सांग तू.

जाताना जुने सगळे कागद, भाजण्याच्या आधीचा तिचा एक सरळ फोटो आणि हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट न्या. आपल्याकडच्या मुलींचं रक्त कमी असतं आणि त्यापायी ऑपरेशनची तारीख पुढे जाते, म्हणून आजपासूनच डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा. कॉलरचं माप ऑपरेशननंतर, मान सुटल्यावरच घ्यायचं असतं. ती कोण बनवणार आणि कोणत्या दिवशी मिळणार, हे ऑपरेशनच्या आधीच विचारून लिहून घ्या, आणि कॉलर गळ्यात बसल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.